माझा प्रकार कोणता? एक चाचणी आणि माझ्या नोंदवहीतली एक चूक



मागच्या वर्षी फेब्रुवारीत तालुक्याला आमचं प्रशिक्षण होतं. दुपारचं सत्र, जेवणात मठ्ठा झालेला, निम्मी मंडळी पेंगत होती. सुलभक सरांच्या ते लक्षात आलं. त्यांनी सगळ्यांना मोबाईल काढायला सांगितले आणि ग्रुपवर एक लिंक टाकली. स्वतःला ओळखा, तुमचा व्यक्तिमत्त्व प्रकार शोधा, असं वर लिहिलेलं. झोप उडाली सगळ्यांची!

प्रश्न सोपे होते. अनोळखी लोकांशी स्वतःहून बोलता का? काम शेवटच्या दिवसापर्यंत ठेवता का? निर्णय घेताना मनाचं ऐकता की डोक्याचं? दहा-बारा मिनिटांत चाचणी संपली आणि स्क्रीनवर चार अक्षरं आली. मला आलं 'आयएनएफजे'. खाली वर्णन होतं, साधारण अशा अर्थाचं: तुम्ही बाहेरून शांत असता पण आत विचार चालूच असतो, दुसऱ्याला मदत करता पण स्वतःचं दुःख कोणाला सांगत नाही. खरं सांगते, वाचून डोळ्यांत पाणी यायचं तेवढं बाकी राहिलं होतं. सतरा वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला जे कळलं नाही ते मोबाईलला दहा मिनिटांत कळलं! शेजारच्या मॅडमनी तर त्यांची अक्षरं स्टेटसलाच लावली.

मग मे महिन्यात, सुट्टीत, माहेरी गेले होते तेव्हा बहिणीला दाखवायचं म्हणून तीच चाचणी मी पुन्हा दिली. पहिलं आणि शेवटचं, दोन अक्षरं बदलली. फेब्रुवारीत मी अंतर्मुख होते, मे महिन्यात बहिर्मुख झाले. मधल्या काळात माझ्यात काय बदललं होतं? काही नाही, फक्त परीक्षा, निकालपत्रकं आणि ऑनलाईन माहिती भरणं संपलं होतं.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. या जूनमध्ये पालकसभेनंतर दोन पालक थांबले आणि त्यांनी विचारलं, "मॅडम, मोबाईलवर ते पर्सनॅलिटी टेस्ट असते, ते आमच्या पोराची घेऊन पाहू का? म्हणजे पुढं काय करायचं ते समजंन." एकाचा मुलगा तिसरीत आहे, दुसऱ्यांची मुलगी चौथीत. त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून थोडं वाचलं, आणि स्वतःच्या वर्गाकडे परत एकदा पाहिलं. त्यातून जे वाटलं ते इथे मांडते आहे.

आधी या चार अक्षरांची हकिकत. डी.एड.ला आपण सगळेच शैक्षणिक मानसशास्त्रात युंग शिकलो. अंतर्मुख, बहिर्मुख, उभयमुख, व्याख्या लिहा, पाच गुण. कार्ल युंग हे स्वित्झर्लंडचे मनोविकारतज्ज्ञ. व्यक्तिमत्त्व प्रकारांवरचं त्यांचं पुस्तक १९२१ साली आलं. ते अमेरिकेतल्या कॅथरीन ब्रिग्ज यांनी वाचलं आणि पुढे त्यांची मुलगी इसाबेल मायर्स हिने त्यावरून प्रश्नावली तयार केली. दोघी मायलेकींनी मानसशास्त्राचं रीतसर शिक्षण घेतलेलं नव्हतं. दुसऱ्या महायुद्धाचा काळ होता. पुरुष लढाईवर गेलेले, बायका पहिल्यांदाच कारखान्यात कामाला येत होत्या. कोणाला कोणतं काम जमेल हे बाईला स्वतःलाच कळावं, असा इसाबेल यांचा हेतू होता. हेतू वाईट म्हणता येत नाही. चार जोड्या, प्रत्येक जोडीतलं एक अक्षर, म्हणून एकूण सोळा प्रकार. हीच मायर्स-ब्रिग्ज चाचणी. मोबाईलवर फुकट मिळते ती बहुतेक वेळा मूळ चाचणी नसतेच, तिच्यासारखी दुसऱ्या कोणी तरी बनवलेली असते. आणि मूळ चाचणीवाले स्वतः सांगतात की ती साधारण १४ वर्षांपुढच्यांसाठी आहे आणि नोकरीसाठी माणसं निवडायला ती वापरू नये. तिसरीतल्या मुलाचा प्रश्न खरं तर इथेच मिटतो.

पण मिटत नाही, कारण आपण मोठी माणसं ती देतो आणि आपल्याला ती पटते. का पटते?

याचं उत्तर मला एका जुन्या प्रयोगात सापडलं. बर्ट्राम फोरर नावाचे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ होते. १९४८ साली त्यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाला त्याच्या नावाचं वर्णन दिलं आणि विचारलं, हे तुम्हाला किती लागू पडतं? पाचपैकी गुण द्या. सरासरी गुण आले ४.२६. म्हणजे जवळजवळ सगळ्यांना वाटलं की सरांनी आपल्याला बरोबर ओळखलं. नंतर फोरर सरांनी सांगितलं की सगळ्यांना दिलेला कागद एकच होता. त्यातली वाक्यं त्यांनी बाजारात मिळणाऱ्या एका राशिभविष्याच्या पुस्तकातून घेतली होती.

हे वाचल्यावर मला हसू आलं आणि लगेच ते थांबलं. कारण मला आपल्या वर्णनात्मक नोंदी आठवल्या.

बंधू-भगिनींनो, खोटं कशाला बोलायचं. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० पासून आलं. हेतू किती चांगला होता, मुलाला फक्त गुणांनी मोजू नका, त्याला निरखा आणि दोन वाक्यं त्याच्याविषयी लिहा. आपण काय केलं? सत्र संपायला आलं की ग्रुपवर पीडीएफ येते, 'व्यक्तिमत्त्व गुणविशेष नोंदी, इयत्ता पहिली ते आठवी'. मित्रांमध्ये मिसळतो. नीटनेटका राहतो. स्वतःचे मत ठामपणे मांडतो. इतरांच्या मताचा आदर करतो. आपण त्यातल्या नोंदी आलटून पालटून उतरवतो. मीही उतरवल्या आहेत. ३१ पट, दोन वर्ग एका खोलीत, वर निवडणुकीची कामं, पोषण आहाराचा हिशोब. वेळ कुठून आणायचा, ही अडचण खरीच आहे. पण फोररचा कागद आणि आपली पीडीएफ यात मला तरी फरक दिसेना. फोरर सरांनी निदान शेवटी खरं काय ते सांगितलं.

आता माझी चूक सांगते. आमची शाळा द्विशिक्षकी आहे आणि निम्म्याहून जास्त मुलं तांड्यावरची आहेत. घरी गोरमाटी बोलतात, शाळेत मराठी. त्यातली एक मुलगी, नाव देत नाही, दुसरीपासून माझ्या वर्गात होती. प्रश्न विचारला की खाली मान. पुढे बोलावलं की ओढणीचं टोक तोंडात. वाचन बरं, अक्षर सुंदर, पण आवाज म्हणून नाही. मी दुसरीला नोंद केली, 'अबोल आहे. वर्गात मिसळत नाही.' तिसरीला पण तीच केली. त्या प्रशिक्षणानंतर तर मला शास्त्रीय शब्दच सापडला होता. सहकारी सरांना मी म्हटलं, "ती अंतर्मुख आहे सर, तिचा स्वभावच तसा आहे. तिला पुढे ढकलून उपयोग नाही." आणि खरोखर मी तिला पुढे बोलवायचंच सोडून दिलं. हे मी समजूतदारपणा म्हणून केलं, हे लक्षात घ्या.

श्रावणात तांड्यावर तीज असते. मुली टोपल्यांत गहू पेरतात, रोज पाणी घालतात, गाणी म्हणतात. पालकांनी बोलावलं म्हणून मी गेले. तिथे दहा-बारा लहान मुलींचा घोळका होता आणि त्यांच्या मध्ये ही! एकीला टोपली नीट धरायला सांगते आहे, दुसरीवर ओरडते आहे, गाण्याचं पहिलं बोल स्वतः उचलते आहे. माझ्याकडे लक्ष गेलं तशी एकदम गप्प. तिच्या आजीला म्हटलं, शाळेत तर ही बोलत नाही. आजी हसल्या. "घरी तं लय बोलते मॅडम. आम्हालेच बोलू देत नाही."

म्हणजे मी दोन वर्षं जिला स्वभाव म्हणत होते तो स्वभाव नव्हता. ती मराठीत गप्प होती. की माझ्यापुढे गप्प होती? अजूनही मला हे नक्की सांगता येणार नाही. पण त्या एका शब्दामुळे मी पाहायचं बंद केलं होतं, हे नक्की. प्रकार कळला की आपल्याला वाटतं मूल कळलं, आणि मग विचारपूस थांबते. माझा राग चाचणीवर तेवढा नाही, तिच्यामुळे थांबणाऱ्या विचारपुशीवर जास्त आहे.

बरं, मोठ्या माणसाने स्वतःच स्वतःचं मापन केलं तर ते खरं येतं का? त्या दिवशी माझ्या उजवीकडे आमचे केंद्रप्रमुख बसले होते. 'मी माझी कामे वेळेवर पूर्ण करते' या वाक्यापुढे मी काय निवडणार? आणि ते शेजारी नसते तरी आपल्याच मनातला केंद्रप्रमुख असतोच की! आपण जसे आहोत तसं उत्तर देतो की जसं असावं वाटतं तसं, हे आपल्यालाही कळत नाही. दुसरं म्हणजे, 'तुम्ही गर्दीत रमता का' या प्रश्नाला मी एकच उत्तर कसं देणार? लग्नात रमते, बदलीच्या कॅम्पात नाही.

आणि तिसरी गोष्ट शिक्षकांना लगेच पटेल. समजा उत्तीर्ण व्हायला ३५ गुण लागतात. ३४ वाला नापास, ३६ वाला पास. दोघांत फरक दोन गुणांचा, पण शिक्के उलटे. आणि ३६ वाला आणि ९० वाला दोघेही 'पास' या एकाच खोलीत. या प्रकार-चाचण्या तेच करतात. मधोमध रेघ मारून अलीकडचे अंतर्मुख, पलीकडचे बहिर्मुख. बहुतेक माणसं तर मधल्या भागातच असतात. मी तिथलीच असणार, म्हणून थकलेली असताना इकडे पडले आणि सुट्टीत तिकडे. काही आठवड्यांनी चाचणी परत दिली तर बऱ्याच जणांचं एखादं तरी अक्षर बदलतं, असं अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. म्हणूनच आज मानसशास्त्राचे संशोधक खोल्या करण्याऐवजी मोजपट्टी वापरतात. नव्याची ओढ, कामातला काटेकोरपणा, बहिर्मुखता, दुसऱ्याशी जुळवून घेणं, मनाची चलबिचल, अशा पाच पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीवर माणूस कमी-जास्त कुठेही असू शकतो. यालाच पंचघटक प्रारूप म्हणतात. यात तुमचा 'प्रकार' निघत नाही. त्यामुळे स्टेटसला लावायला ते काही कामाचं नाही!

माझ्या भाच्याची एक गंमत सांगते. राज्यात २०१६ पासून दहावीच्या मुलांची कलचाचणी सुरू झाली होती, आठवत असेल. व्यक्तिमत्त्व चाचणी आणि कलचाचणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पालक त्यांची गल्लत करतात. कल म्हणजे आवड कुठे आहे. भाच्याचा कल आला गणवेशधारी सेवा. घरी आनंदीआनंद, पोरगं फौजदार होणार. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, "मावशी, आमची सगळी गँग सकाळी भरतीसाठी पळायला जाते ना, मग तेच सुचत गेलं." त्याचं उत्तर खोटं नव्हतं. त्या महिन्यापुरतं ते खरं होतं. आज तो सोलरच्या पाट्या बसवायच्या कामात आहे आणि खूश आहे. निकालाचा कागद घरी आला तेव्हा त्याच्याशी तासभर बोलायला हवं होतं. आम्ही पेढे वाटले.

मग चाचण्या टाकून द्यायच्या का? मला तसं वाटत नाही. त्या दिवशी प्रशिक्षणात चाचणीनंतरची अर्धा तास जी चर्चा झाली ती वर्षभरातली सगळ्यात चांगली चर्चा होती. एक सर, जे कधीच बोलत नाहीत, ते म्हणाले की मला परिपाठ घ्यायची भीती वाटते. अठरा वर्षं नोकरी झाली त्यांची! चार अक्षरांनी हे सांगितलं नाही, पण चार अक्षरांच्या निमित्ताने ते बोलता आलं. प्रश्न चांगले असतात हो. आपण उत्तराच्या मागे लागतो आणि प्रश्न सोडून देतो.

म्हणून मी वर्गात एक प्रयोग चालू केला आहे. आधार आहे जोहरी खिडकीचा. हे नाव ऐकून मला आधी वाटलं की कोणी हिंदी जवाहिऱ्याची गोष्ट असेल. तसं नाही. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ साली ती मांडली, जो आणि हॅरी मिळून जोहरी. खिडकीचे चार कप्पे. मला आणि इतरांना दोघांनाही माहीत असलेलं. मला माहीत पण इतरांना नाही. इतरांना दिसतं पण मला नाही. आणि कोणालाच अजून माहीत नसलेलं. एकट्याने भरायच्या चाचणीत तिसरा कप्पा रिकामाच राहतो, कारण तो भरायला दुसरं माणूस लागतं.

चौथीच्या मुलांना मी खिडकी वगैरे काही सांगत नाही. महिन्यातून एका आनंददायी शनिवारी ती 'माझी वही' काढतात. आत तीन-चार प्रश्न असतात. मी कुठे खूप बोलतो? कुठे गप्प बसतो? या आठवड्यात राग कधी आला, मग काय केलं? शेजारच्याने माझ्याविषयी एक गोष्ट लिहायची, पण ती पाहिलेली हवी. 'चांगला आहे' चालणार नाही, काय केलं ते लिही. मराठीत अडलं तर गोरमाटीत सांगितलं तरी चालतं, मोठी मुलं मला समजावतात. (माझं गोरमाटी ऐकून वर्ग हसतो, तोही एक फायदाच.)

पहिल्या वेळी सगळ्यांनी एकमेकांचं पाहून लिहिलं. दुसऱ्या वेळी थोडं खरं यायला लागलं. ज्या मुलाला मी वर्षभर चंचल म्हणत होते त्याने लिहिलं, 'मी शाळेत गप बसत नाही कारण घरी गप बसा लागते. बाबा रात्री जीनवर जाते आणि दिवसा झोपते.' एका खोलीच्या घरात दिवसभर आवाज न करता राहणारा हा मुलगा कोणत्या प्रकारात बसवायचा? त्याला आता मी मधल्या सुट्टीआधी घंटा वाजवायचं काम दिलं आहे. त्याने सगळं सुटलं असं नाही. खिडकीतून बाहेर उड्या अजूनही मारतो.

नोंदींचं म्हणाल तर मी सगळ्या ३१ मुलांच्या स्वतःच्या शब्दांत लिहू शकत नाही, वेळ नाही. पण प्रत्येक सत्रात सहा-सात मुलांच्या नोंदी पीडीएफशिवाय लिहायच्या, एवढं ठरवलं आहे. विशेषण लिहायचं नाही, प्रसंग लिहायचा. 'धीट आहे' असं न लिहिता 'विहिरीजवळ गेलेल्या लहान मुलांना ओरडून परत आणले.' मुख्याध्यापक सर म्हणाले, रकाना लहान आहे. रकाना लहान आहे हे खरंच आहे, मागे चिटोरा लावते.

त्या दोन पालकांना काय सांगितलं? मोठ्या माणसांनी चाचणी स्वतः द्या, मजा येते, आणि मग मुलाला विचारा की बाबा कसे आहेत, आई कशी आहे. त्याचं उत्तर आणि मोबाईलचं उत्तर शेजारी ठेवा. मुलाची चाचणी आत्ता नको. आणि पाहुण्यांसमोर 'आमचा हा लाजाळूच आहे', 'ही भांडकुदळच आहे' हे पण तेवढंच टाळा. ती सुद्धा चाचणीच असते, आणि तिचा निकाल मूल रोज ऐकत असतं. एक पालक पटल्यासारखे वाटले. दुसरे म्हणाले, "बरं मॅडम, पण डॉक्टर होईल का ते तं सांगा."

ती मुलगी या जूनमध्ये पाचवीला शेजारच्या गावच्या शाळेत गेली. चौथीच्या नोंदीत मी लिहिलं होतं, 'गोरमाटीत गाणी पुढाकाराने म्हणते. लहान मुलींचा गट सांभाळते. मराठीत मोठ्याने बोलताना थांबते, वेळ दिल्यास बोलते.' मागच्या आठवड्यात तिच्या नव्या वर्गशिक्षकांचा फोन आला. म्हणाले, "मॅडम, दुसरी-तिसरीच्या नोंदीत मुलगी अबोल लिहिली आहे आणि चौथीत गट सांभाळते. यातलं खरं कोणतं धरू? माझ्या वर्गात तर ती महिनाभर एक शब्द बोललेली नाही."

मी त्यांना तीजेचं सगळं सांगितलं. मग विचारलं, "सर, वर्गात ती कोणाशेजारी बसते? तांड्यावरची दुसरी कोणी मुलगी आहे का जवळ?"

सर म्हणाले, "ते पाहिलं नाही. उद्या बघून सांगतो."